सगोत्र इंजिनांची सोयरीक

जोंगा हे नाव ऐकून पुष्कळांना आफ्रिकेतल्या एखाद्या प्राण्याची आठवण होते. प्रत्यक्षात ती आद्याक्षरांची जुळणी आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. निस्सान पॅट्रोल या जपानी गाडीचा हा जबलपुरी अवतार. जबलपुरात १९६९ साली उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीने तो तीनेक दशकं लष्करासाठी बनवला. बॉनेटखाली ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लष्करात असताना टाकी सरकार भरतं. लिलावात तीच गाडी घेणारा माणूस मात्र पहिल्याच महिन्यात पंपाची पावती बघून डोक्याला हात लावतो. मग जबलपूरच्या गोहलपुरासारख्या वस्तीतलं एखादं गॅरेज, चेन-पुलीला लटकलेलं निस्सानचं धूड, आणि त्याच्या जागी कुठल्याशा भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन. असा दुसरा जन्म घेतलेल्या जोंगा देशभर आहेत.

या उद्योगाला आपण सहज ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतो. त्या शब्दात कौतुक असतं तितकीच हेटाळणीही असते. एका इंजिनाचं हेड, दुसऱ्याचा ब्लॉक, तिसऱ्याचा क्रँक घेऊन चौथं इंजिन उभं करणं हे गल्लीतले चाळे, आणि कंपन्या करतात ते ‘इंजिनिअरिंग’, अशी आपली समजूत. ती तपासून बघायला हवी, कारण मोटारींच्या इतिहासात हा संकर कंपन्यांनीच जास्त केला आहे, आणि तोही बहुतेक वेळा मिस्तरीच्याच कारणासाठी: हाताशी जे आहे त्यात भागवायचं होतं.

आधी शब्दांची वाटणी करू. जोडकामाचे चार प्रकार आहेत. पहिला, एकाच इंजिनात दोन इंजिनांचे भाग. दुसरा, सिलिंडर कमी किंवा जास्त करून नवं इंजिन. तिसरा, अख्खं इंजिनच दुसऱ्या गाडीत. चौथा, इंजिनाला विजेच्या मोटरची जोड. आज ‘हायब्रिड’ म्हटलं की लोकांना हाच आठवतो.

गॅस्केटची कसोटी

काय जोडता येतं आणि काय नाही, हे समजायला जबलपूरच्याच रेल्वेचा दाखला घेऊ. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि पूर्वेकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० साली जबलपुरात एकमेकींना मिळाल्या. कंपन्या दोन, कारभार दोन, पण रुळांतलं अंतर एकच, साडेपाच फूट. म्हणून रूळ जोडले आणि मुंबई कलकत्त्याला जोडली गेली. गोंदियाहून येणारी सातपुड्याची गाडी अडीच फुटी होती. ती त्याच शहरात येऊनही हाऊबाग या स्वतःच्या स्टेशनात थांबायची, आणि पुढच्या प्रवासाला माणसं नि माल उतरवून घ्यावा लागायचा. मार्ग रुंद होईपर्यंत हे असंच चाललं. जोडता येणं न येणं हे इच्छेवर नसतं, गेजवर असतं.

इंजिनाचा गेज म्हणजे सिलिंडरच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, हेड-बोल्टांची मांडणी आणि तेल-पाण्याच्या वाटा. हे तीन जुळले तर पुढचं बोलणं. जुना मिस्तरी त्यासाठी नकाशे मागत नाही. तो एका इंजिनाचं जुनं हेड गॅस्केट दुसऱ्याच्या ब्लॉकवर ठेवतो. बोल्टांची भोकं बरोबर बसली, सिलिंडरची कडा कुठेही गॅस्केटच्या तारेखाली शिरली नाही, तर तो वाकून बारकी भोकं बघायला लागतो. पाण्याची भोकं वेडीवाकडी आणि पुष्कळ असतात. त्यातलं एखादं झाकलं गेलं तर तेवढ्या कोपऱ्यात हेड तापतं. तेलाचं भोक बहुधा एकटं, वाटाण्याएवढं. ते जुळलं नाही तर वर कॅमशाफ्ट कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत आपली बैठक खाऊन टाकतो. काळ्या पडलेल्या त्या पत्र्याच्या चकतीत अख्खी पत्रिका असते.

आपल्याकडे सोयरीक जुळवताना सगोत्र वर्ज्य. इंजिनांत उलट आहे. इथे गोत्र एक असल्याशिवाय बोलणंच पुढे सरकत नाही. म्हणून जगात गाजलेली जवळजवळ सगळी जोडइंजिनं चुलत भावंडांची आहेत.

वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं

होंडाच्या बी-मालिकेचं उदाहरण घ्या. या घराण्यातल्या एका इंजिनाला व्हीटेक हेड आहे: जास्त फेऱ्यांवर वाल्व्ह अधिक उघडणारं, आठ हजारांपर्यंत फिरायला आवडणारं. त्याची क्षमता १५९५ सीसी, सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ७७.४. त्याच घराण्यातल्या साध्या इंजिनाचा व्यासही ८१, पण स्ट्रोक ८९. क्षमता १८३४ सीसी. साहजिकच हौशी लोकांनी मोठ्या ब्लॉकवर हुशार हेड चढवलं. बोल्ट जुळले. तेल जुळलं नाही, कारण साध्या ब्लॉकमध्ये व्हीटेकला तेल पुरवणारी वाटच नव्हती. मग ऑइल-प्रेशर सेन्सरच्या जागी टी बसवून बाहेरून नळी काढायची, हेडमध्ये आटे पाडून ती जोडायची आणि हेडचं मूळ भोक बुजवायचं. जगभरच्या गॅरेजांत हीच रीत पडली.

खरी गोम पुढे आहे. हेड बदललं की दाब बदलतो. हिशेबापुरतं धरू की पिस्टन वर आल्यावर ४० घन सेंटिमीटर जागा उरते. छोट्या ब्लॉकमध्ये एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ३९९ घन सेंटिमीटर जागा कापतो, म्हणजे ४३९ चे ४० होतात. दाबाचं प्रमाण अकराला एक. मोठ्या ब्लॉकमध्ये कापतो ४५९, म्हणजे ४९९ चे ४०, साडेबाराला एक. आपल्या नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलला हा दाब झेपत नाही, इंजिन ठोके देऊ लागतं. त्यामुळे पिस्टनच्या माथ्याची खोली निवडून ही जागा पुन्हा बेतावी लागते. ती मोजायचं साधन मात्र अगदी घरगुती आहे: हेडवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि दवाखान्यातल्या पिचकारीने रॉकेल सोडत किती मावलं ते वाचायचं. वाल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होणार नाही ना, हे बघायला पिस्टनवर मुलांच्या खेळातली प्लॅस्टिसिन थापतात, इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात, हेड काढतात आणि चेपलेली माती ब्लेडने कापून जाडी मोजतात. दीड-दोन मिलिमीटर उरली तर मिस्तरी निश्चिंत. त्याहून कमी असेल तर तो पुन्हा कामाला लागतो.

तरी एक भांडण राहतंच. हेड म्हणतं आठ हजारांवर पळ. खालचे कनेक्टिंग रॉड आणि बोल्ट संथ चालीसाठी घडलेले. आठ हजार फेऱ्यांना ७७.४ चा स्ट्रोक पिस्टनला सरासरी सेकंदाला २०.६ मीटर पळवतो, ८९ चा २३.७ मीटर. आकडा फार वाढलेला दिसत नाही, पण रॉडवरची ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. अशी इंजिनं मरतात ती बहुधा जोडावर नाही, रॉडच्या बोल्टावर. जोड उत्तम असूनही नांदणं बिघडतं ते असं.

अमेरिकेत हीच विद्या कंपनीच्या दारातून बाहेर आली. शेवरलेने १९६७ साली कमॅरो झेड/२८ काढली. शर्यतीच्या नियमात इंजिनाला ३०५ घन इंचांची मर्यादा होती, म्हणून त्यांनी ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा आखूड क्रँक टाकून ३०२ घन इंचांचं इंजिन जन्माला घातलं. पुढे तिथल्या गॅरेजवाल्यांनी उलटी वाट धरली: ३५० चा ब्लॉक, ४०० चा लांब क्रँक. क्रँकच्या मेन जर्नलचा व्यास २.६५ इंच, ब्लॉकला हवा २.४५; तेवढं ग्राइंड केलं, सिलिंडर तीस थाऊ रिबोअर केले, आणि ३८३ घन इंचांचं इंजिन झालं. ते इतकं रुळलं की आज त्याचे सुटे भाग तयार मिळतात. त्यातली एक खोड मात्र नवख्याला हमखास फसवते: ४०० चा क्रँक आपला तोल बाहेरच्या वजनावर सांभाळतो, त्यामुळे त्याचा पुढचा डॅम्पर आणि मागची चकतीही त्याच्यासोबतच आणावी लागते. सून आणायची तर तिचं सामानही आणावं लागतं.

परमिटच्या काळातले संकर

भारतात हे काम हौसेने कमी, टंचाईने जास्त झालं. १९८० च्या दशकात नवं इंजिन घडवायला ना परकीय चलन, ना परवानगी, ना वेळ. मग ज्याच्याकडे जे होतं ते जोडलं गेलं.

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीने, १९८५ मध्ये ११८ एनई आणली. अंगकाठी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचं ११७१ सीसी ए-१२. नावातल्या ‘एनई’ची फोडच निस्सान इंजिन अशी. इटलीचा देह आणि जपानचं काळीज मुंबईत एकत्र आलं आणि चांगलं नांदलंही, कारण इंजिनासोबत त्याच्या जोडीचा गिअरबॉक्सही घेतला होता. हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसाला व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा रुंद देह दिला आणि आत ॲम्बॅसडरचंच १४८९ सीसी इंजिन, सुमारे ५० अश्वशक्तीचं. राजेशाही पालखी, भोई दोनच. पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं तेव्हा कुठे गाडीला दम आला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तर १९८५ मध्ये ब्रिटिश रोव्हर एसडी-१ या आलिशान गाडीत जुन्या व्हॅनगार्ड घराण्यातलं १९९१ सीसी इंजिन बसवलं. बाहेरून रोव्हर, आतून व्हॅनगार्ड. ही गाडी काही वर्षांतच संपली, आणि तिच्यासोबत कंपनीचं मोटारी बनवणंही.

महिंद्राची वाट आणखी बोलकी आहे. जीप मूळची पेट्रोलवर. शेतकऱ्याला हवं डिझेल. कंपनीच्या घरात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यातून आलेलं बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. नांगर ओढणारा बैल टांग्याला जुंपावा तसं ते होतं: ओढ भरपूर, धाव बेताची, आवाज शेतभर. नंतर प्यूजोकडून परवान्याने एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं आणि ते इगतपुरीला बनू लागलं. त्याच्या नावातच पत्रिका लिहिलेली: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास.

या सगळ्यांतून एक निष्कर्ष निघतो. जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने आले तिथे संकर टिकला. जिथे नुसती ताकद मोजली किंवा नुसती किंमत, तिथे ग्राहकाने पाठ फिरवली.

अर्धं इंजिन, पाऊण इंजिन, दुप्पट इंजिन

जोडण्याइतकंच तोडणंही या विद्येत बसतं. टाटा मोटर्सने २००५ मध्ये गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात घडवलेली एस ही छोटी मालगाडी सगळ्यांनी पाहिली आहे; भाजीपासून मंडपाच्या सामानापर्यंत सगळं तिच्यातून जातं. तिचं डिझेल इंजिन ७०२ सीसीचं. इंडिकाचं डिझेल १४०५ सीसीचं. निम्मे करून बघा. इंडिकाच्या इंजिनाला कंपनी ४७५ म्हणायची, म्हणजे चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर व्यास. एसचं झालं २७५. व्यास तोच, स्ट्रोक तोच ७९.५, पिस्टन-वाल्व्हचं गणित आधीच सिद्ध झालेलं. अर्धं कापलं की सगळं सुटलं असं मात्र नसतं. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात आणि एकमेकांना तोलतात. दोनच उरले की तो समतोल जातो आणि थरथर थेट चालकाच्या पाठीत पोचते. फ्लायव्हील, माउंटिंग, गिअर सगळ्यांचा विचार नव्याने करावा लागतो.

फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटची कथाही या जातीची. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि मारुतीसाठी मानेसरमध्ये बनलेलं हे १२४८ सीसी इंजिन स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा इतक्या गाड्यांत गेलं की त्याला लोक थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. त्यातला एक सिलिंडर काढून शेवरलेने बीटसाठी ९३६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन केलं, म्हणजे बरोबर पाऊण. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि हे घराणं भारतातून ओसरलं.

उलटी दिशा मोटरसायकलवाल्यांनी धरली. बुलेटच्या ३५० चा व्यास ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. अमेरिकेत ओहायोमध्ये राहणाऱ्या अनिकेत वर्धन यांनी बुलेटचे दोन सिलिंडर आणि दोन हेड एकाच क्रँककेसवर इंग्रजी व्ही आकारात बसवून ‘मस्केट’ नावाचं व्ही-ट्विन घडवलं. वरचा माल बाजारात मिळणारा, खालची क्रँककेस मात्र स्वतः साचे करून ओतलेली. हे जोडकाम सगळ्यात प्रामाणिक म्हणावं लागेल, कारण जोड जिथे कठीण आहे तो भाग इथे उसना आणलेला नाही. तो नव्याने केला आहे.

अख्खं इंजिन बदलताना

जोंगाकडे परत येऊ. व्हेइकल फॅक्टरीनेच १९९६ च्या सुमारास हिनो-लेलँडच्या डिझेल इंजिनाच्या काही जोंगा नागरी बाजारासाठी काढल्या होत्या. म्हणजे गल्लीतला मिस्तरी जे करतो ते कारखान्यालाही सुचलेलंच होतं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्यांनीही हा प्रवास केला: पेट्रोल, मग पुष्कळांत डिझेल, आणि उच्च न्यायालयाने प्रदूषणाची दखल घेतल्यावर सीएनजी. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

अख्खं इंजिन बदलणं हे हेड-ब्लॉकच्या जोडापेक्षा सोपं वाटतं, पण अडचण फक्त जागा बदलते. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये पोलादी अडॅप्टर प्लेट येते. ती लेथवर कातताना मध्यबिंदू केसभर सरकला तर इनपुट शाफ्ट तिरका फिरतो आणि क्लच, बेअरिंग एकामागून एक जातात; मालकाला वाटतं स्वस्त भाग टाकले. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओढ देतं, त्यामुळे पेट्रोलसाठी बेतलेल्या डिफरन्शियलच्या दातांवर ताण येतो आणि गाडीचा वरचा वेगही घटतो. वजन वाढलं तर पुढचे पाटे आणि ब्रेक त्याच हिशेबात यायला हवेत. जो मिस्तरी इंजिनासोबत ब्रेकची गोष्ट काढत नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. तो बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत असं सांगून चौकट आणखी घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय अपघातात विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो इंजिनाच्या क्रमांकाचा.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, आणि नियमांमुळे ती रस्त्यावर फार काळ चालू देणार नाहीत हेही त्याच दमात सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात बोलेरो देवराष्ट्र्यात आली. आपल्या व्यवस्थेचं याहून नेमकं चित्र नाही: कारागिरीला टाळ्या आहेत, क्रमांकाची पाटी नाही.

विजेच्या संकराचंही काहीसं असंच झालं. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जसोबत २०१० मध्ये रेव्होलो हे किट पुढे आणलं. चालू गाडीच्या इंजिनाला पट्ट्याने मोटर जोडायची, डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या आणि जुनी गाडी हायब्रिड करायची, अशी ती कल्पना. असं किट बसवण्याचे नियम केंद्राने आणले २०१६ मध्ये. तोवर बाजार पुढे गेला होता. हे काम पट्टा आणि बोल्ट जुळवून संपत नाही. मोटरचा संगणक आणि इंजिनाचा संगणक यांची भाषा जुळावी लागते. आज हाच नवा गेज आहे. एकाच घराण्यातली दोन इंजिनं बोल्टाला बोल्ट जुळली तरी चावीतली चिप ओळख देत नाही आणि गाडी सुरू होत नाही. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून हे कळत नाही.

वही

आता मूळ प्रश्न. कंपनीचा संकर आणि मिस्तरीचा संकर यांत फरक काय? कौशल्याचा म्हणावा तर नाही. क्रँक ग्राइंड करणारा हात दोन्हीकडे तोच असतो. पुष्कळदा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेलाच असतो. फरक दोन गोष्टींचा आहे. कंपनी आपलं जोडइंजिन हजारो तास चाचणीच्या बाकावर चालवते आणि मोडेपर्यंत चालवते; मिस्तरीची चाचणी म्हणजे गिऱ्हाईकाचा पहिला घाट. दुसरा फरक लिहून ठेवण्याचा. एसचं इंजिन अर्धं आहे, पण त्याच्या प्रत्येक रिंगेला क्रमांक आहे. खेड्यातल्या दुकानात तो सांगितला की भाग हाती येतो.

गल्लीतलं जोडइंजिन मरतं ते विस्मरणाने. पाच वर्षांनी गॅस्केट उडतं. मालक दुसरा झालेला, मिस्तरी गाव सोडून गेलेला. नवा मिस्तरी ब्लॉकवरचा क्रमांक बघून गॅस्केट मागवतो, ते हेडला बसत नाही. हेडचा क्रमांक बघून मागवतो, ते ब्लॉकला बसत नाही. पिस्टन तिसऱ्याच गाडीचे होते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चांगलं चालणारं इंजिन किलोच्या भावाने जातं.

म्हणून रस्त्यासाठी असं इंजिन करू नका हा कायद्याचा सल्ला योग्यच आहे. पण शेतातल्या पंपासाठी, शर्यतीच्या बंद मैदानासाठी किंवा परवानगी घेऊन जुन्या गाडीसाठी करणारे करतीलच. त्यांनी एक दोनशे पानी वही घ्यावी. हेड कुठलं, ब्लॉक कुठला, क्रँक किती अंडरसाइज, पिस्टन किती ओव्हरसाइज, पिचकारीत किती रॉकेल मावलं, प्लॅस्टिसिन किती जाड निघाली, हे सगळं तारखेसह लिहावं. आणि ती वही तेलकट हातांनी गाडीच्या कप्प्यात ठेवावी, आरसी बुकाच्या शेजारी.